आधी नाव घे, मग बोल

शिरूरच्या एसटी स्टँडवर, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या फलाटासमोर मला उखाणा घ्यावा लागलाय. तोसुद्धा लग्न झालेलं नसताना आणि रसवंतीवाल्याच्या फोनवरून. हे सांगितलं की लोक आधी पोट धरून हसतात आणि मग विचारतात, "पण का?" का म्हणजे काय? आक्कांकडं भाड्यानं राहत होते म्हणून!

त्या दिवशी आईनं गावाहून ज्वारीचं पोतं दिलं होतं. माझा फोन बंद पडलेला. खोलीची एक किल्ली खोलीतल्या मैत्रिणीकडं, आणि ती कंपनीत. दुसरी आक्कांकडं. त्या घरी आहेत की भांडी पोचवायला गेल्यात, एवढंच मला विचारायचं होतं. रसवंतीवाल्यानं बिचाऱ्यानं फोन दिला.

"आक्का, मी बोलतेय."

"मी म्हंजी कोण?"

"अहो मी, वरच्या खोलीतली."

"वरच्या खोलीतली तर कुणीबी म्हणंल. नाव घे."

"आक्का, स्टँडवर आहे मी. माणसं आहेत इथं."

"असू देत की. माणसांनी काय उखाणं ऐकलं न्हाईत व्हय कवा? नाव घे, न्हाईतर ठेवते."

आणि त्या खरंच ठेवतात हे मला माहीत होतं. मग मी तोंड भिंतीकडं केलं आणि पुटपुटले, "डब्यात दिली मेथी, भाकर दिली ज्वारीची, कमलबाईंची लेक मी, भाडेकरू शिरूरची."

"मोठ्यानं घे, गाडीचा आवाज येतोय."

मोठ्यानं घेतला. रसवंतीवाल्यानं टाळ्या वाजवल्या, वर एक ग्लास रस फुकट दिला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली होती की तो रस मी एका दमात संपवला आणि घरी जाऊन आक्कांशी भांडायचं ठरवलं. घरी गेले तर त्या दारात उभ्या. म्हणाल्या, "आवाज वळखला मी पहिल्यांदाच. पण आवाजाचं काय खरं असतं गं?" आणि पोत्याला हात लावायला पुढं आल्या. अशा बाईशी भांडायचं तरी कसं!

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला होते. माझ्याकडं येणारा प्रत्येक पार्ट संशयानं बघायचा, याचाच मला पगार मिळायचा. तरीसुद्धा आक्कांइतकं संशयी माणूस मी पाहिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे, आक्कांइतकं फोनवर जीव टाकणारं माणूसही पाहिलेलं नाही.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, पदर कायम खोचलेला, आणि आवाज असा की खालच्या गोदामात बोलल्या तरी आमची वरची खिडकी हलायची. लग्नाकार्याची भांडी भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. पातेली, घमेली, झारे, पिंपं, सगळं गोदामात रचलेलं. नवरा गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. लोकांनी सल्ला दिला की भांडी विकून टाका. यांनी उलट दोन मोठी पातेली घेतली.

फोन त्यांच्या गळ्यात असायचा. खणाच्या तुकड्याची पिशवी शिवून घेतली होती, तिला नाडी. आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवलेली. खरी, लाल, मोठी टिकली. जावयानं कधीतरी सांगितलं होतं की वाईट माणसं लांबून आपला कॅमेरा चालू करू शकतात. ते यांनी इतकं मनावर घेतलं की त्याच दिवशी दुकानात जाऊन टिकल्यांचं पाकीट आणलं. स्वतःच्या कपाळावरची टिकली नवऱ्याबरोबरच गेली होती. मी एकदा गमतीत म्हटलं, "आक्का, तुमचा फोन सवाष्ण आहे." तर म्हणाल्या, "असू दे. कुणीतरी हाय घरात."

संध्याकाळी खुटबावला भावाला व्हिडिओ कॉल करायच्या. त्यासाठी टिकली काढायची, कॉल झाला की परत लावायची. भावाशी दोन वाक्यं, बाकी सगळा वेळ माहेरच्या म्हशीशी. भाऊ फोन घेऊन गोठ्यात जायचा. आक्का म्हशीला हाक मारायच्या, आणि म्हैस मान वळवायची. हे रोज व्हायचं आणि रोज आक्का माझ्याकडं बघायच्या, डोळे मोठे करून. "बघितलंस का? वळखलं तिनं! मधी भीमा नदी हाय, तालुका दुसरा हाय, आन् ती माझ्याकडं बघतीया!" मी कंपनीत लाखालाखाची यंत्रं रोज बघायचे, पण यंत्राकडं असं बघायचं असतं हे मी विसरूनच गेले होते.

भांडी बाहेर पडायच्या आधी त्या प्रत्येकाचा फोटो काढायच्या. एकदा न्हावऱ्याच्या बाजूचा एक गृहस्थ मोठं पातेलं पोचा पाडून घेऊन आला आणि वर म्हणाला, "पोचा पहिल्यापासूनच व्हता." आक्कांनी शांतपणे पिशवीतून फोन काढला, फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. "हे बघा पाव्हणं, जाताना गाल कसा गुळगुळीत हाय. आता तुमच्याकडं जाऊन सुजला म्हंजी तुम्हीच काहीतरी बोलला असाल त्याला." गृहस्थ हसला आणि गप भरपाई देऊन गेला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून जाताना रस्ता सांगणाऱ्या फोनमधल्या बाईला त्या उत्तरं द्यायच्या. "व्हय गं बाई, वळतोय की. जरा दम खा."

टाईप करायचा त्यांना कंटाळा. सगळा कारभार आवाजी मेसेजवर. 'आप्पा, तुमची चार पिंपं सोमवारी, झाकणं मोजून घ्या' असले मेसेज तालुकाभर जायचे. पण यातलं काहीही करण्याआधी समोरच्या नव्या नंबरला एक परीक्षा पास व्हावी लागायची. त्यामागं एक जखम होती.

मी राहायला येण्याच्या आधीची गोष्ट. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाप्याचा आवाज, हुंदके देत देत: "आक्का, मी बोलतोय, माझा फोन गेला, तुझ्या फोनवर एक नंबर आला असंल, तेवढा सांग, लई अडचणीत हाय." आक्कांना वाटलं, भाऊ. दुसरं काही वाटायला जागाच नव्हती. त्यांनी आलेले आकडे सांगून टाकले. पुढच्या घटकाभरात त्यांचं व्हॉट्सॲप त्यांच्या हातातून गेलं आणि त्यांच्या नावानं, त्यांचा फोटो लावून, कुणीतरी सगळ्या गिऱ्हाइकांना आणि सोयऱ्यांना मेसेज करायला लागलं की मी संकटात आहे, मदत पाठवा. काहींनी पाठवलीही. सायबरच्या पोलिसांकडं तक्रार झाली, व्हॉट्सॲप परत मिळालं. पण आक्का घरोघर जाऊन सांगत होत्या की ती मी नव्हते. "आयुष्यात कुणाफुडं पदर पसरला न्हाई," मला सांगायच्या, "आन् माझ्या नावानं भीक मागितली मेल्यांनी."

भाऊ तेव्हा गोठ्यात धारा काढत होता. त्याला काही पत्ताच नव्हता.

"पण आवाज त्यांचाच होता का?" मी विचारलं होतं.

आक्कांनी बराच विचार केला. "रडणारा आवाज व्हता. रडणारा आवाज कुणाचाबी असू दे, आपल्याच माणसाचा वाटतो."

हे वाक्य मी विसरलेले नाही. कंपनीत सायबर सुरक्षेचं दिवसभराचं ट्रेनिंग झालं, स्लाइडवर स्लाइड, जेवण, प्रमाणपत्र. त्यातलं मला आता काही आठवत नाही.

त्या वर्षीच्या संक्रांतीला मुलीनं शिरूरच्या घरी येऊन हळदीकुंकू केलं. आक्का स्वतः पुढं यायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून वाणाची ताटं पुढं द्यायच्या. बायका एकेक करून नावं घेत होत्या, हसत होत्या, आणि दारात उभ्या असलेल्या आक्कांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. त्यांनी तिथूनच जाहीर केलं: आजपासून अनोळखी नंबरवरून कुणी फोन केला तर आधी नाव घ्यायचं. सासरमाहेरची, गिऱ्हाइकं, भाडेकरू, बाई-बाप्या, सगळ्यांनी. ज्याचा त्याचा उखाणा वेगळा. "तो माझ्या कानात सांगायचा, कुठं लिहायचा न्हाई, मेसेजात टाकायचा न्हाई, संक्रांतीला बदलायचा." लग्न झालेल्यांनी नवराबायकोचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी आईचं. मी सुरुवातीला सांगितलेला माझा उखाणा आता बदललाय, म्हणून तर सांगितला!

पुरुषांनी आधी फार आढेवेढे घेतले. खुटबावचा भाऊ, एवढा मिशीवाला माणूस, पहिल्यांदा बायकोचं नाव घेताना घाम फुटला म्हणे त्याला. एकदा घाईत त्यानं अर्धाच उखाणा म्हटला, तर आक्कांनी फोन ठेवला. पुन्हा करायला लावला. "अर्ध्या नावाला अर्धा माणूससुद्धा यायचा न्हाई."

चोरांची मात्र भंबेरी उडायची. एकदा कुणी बँकेचा साहेब म्हणून हिंदीतून बोलत होता. केवायसी, खाता बंद, वगैरे. आक्का म्हणाल्या, "पहिले बायको का नाम लो." तो म्हणाला, "क्या?" "शादी हुई हाय ना? तो नाम लो. पाच लोग में लिया था ना?" तो चिडून शिव्या द्यायला लागला, तशा आक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हा न्हाई बँकेचा. बँकवाले तोंडावर शिव्या न्हाईत देत." दुसऱ्या एकानं तर खरंच जुळवाजुळव करून नाव घेतलं. मराठी होता, कुठल्या गावचा कुणास ठाऊक. आक्कांना ते इतकं आवडलं की पाच मिनिटं त्याची चौकशी केली, आई आहे का, जेवलास का. मग म्हणाल्या, "बाळा, डोकं चांगलं हाय तुझं, आता काहीतरी धड काम बघ," आणि नंबर ब्लॉक केला. मी जिन्यात बसून हसून हसून बेजार झाले होते.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. आक्का सगळ्यांना नाव घ्यायला लावायच्या, त्यांना मात्र कुणी लावत नव्हतं. एका संक्रांतीला एक नवी सून बोलून गेली, "आक्का, तुमचा उखाणा काय मग?" एका जावेनं तिला कोपरानं ढोसलं. विधवेला नाव घ्यायला सांगायचं नसतं, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. आक्का हसल्या. "मी कायम माझ्याच फोनवरून बोलते, मला कशाला पायजे?" म्हणाल्या आणि तिळगुळाची वाटी घेऊन आत गेल्या. नियम करताना कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं की नाव ज्याचं घ्यायचं तो माणूस कायमचा असतो असं नाही.

या नियमाचा एकच खरा चाहता होता, जावई. संदीपराव. ताई, म्हणजे आक्कांची मुलगी, वडगाव रासाईला दिलेली. संदीपराव शेती करायचे आणि फोनचं त्यांना वेड. आक्कांना पहिला स्मार्टफोन त्यांनीच आणून दिला, अंगणात बाजेवर शेजारी बसून शिकवला. "आत्या, ह्याला घाबरायचं न्हाई, आन् ह्याच्यावर इश्वासबी ठेवायचा न्हाई," असं म्हणायचे. त्यांचा नंबर आक्कांकडं सेव्ह होता, तरी ते मुद्दाम कुणाच्या तरी फोनवरून कॉल करायचे आणि खणखणीत आवाजात ताईचं नाव घ्यायचे. आक्का लटक्या रागानं म्हणायच्या, "वळखलं, वळखलं, पुरे." मुलगी, चिमणी, झाल्यावर तर त्यांचा फोन तिच्या व्हिडिओंनी भरून गेला. स्वतः कधी दिसायचे नाहीत, कारण फोन धरणारे तेच. मागून फक्त त्यांचा आवाज.

ते गेले ऊसतोडीच्या दिवसांत. अंधार पडता पडता घरी येत होते. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना रेडियम. मोटारसायकल सरळ तिच्यावर गेली. फोन वरच्या खिशात होता, त्याचा चुरा झाला.

आक्का त्यानंतर मोठ्यानं बोलायच्या थांबल्या. मला माझीच खिडकी अनोळखी वाटायला लागली. वडगावला जाऊन यायच्या, आल्या की भांडी घासत बसायच्या, घासलेली परत घासायच्या. मी सुट्टीच्या दिवशी शेजारी बसायचे, तेवढंच. एकदा म्हणाल्या, "ती त्यांचं नावच काढत न्हाई गं. मीबी काढत न्हाई. चिमणी बोबडं बोलून 'पप्पा' म्हणती, तर दोघीबी हिकडं तिकडं बघतो."

आणि मग त्या रविवारची दुपार. आम्ही दोघी अंगणात. लग्नाची भांडी परत आलेली, मी पुसत होते, आक्का पातेली राखेनं घासून उन्हात पालथी घालत होत्या. पिशवीत फोन वाजला, मेसेजचा आवाज. मी बघितलं तर इंग्रजीत, सहा आकडी नंबर आणि खाली लिहिलेलं की हा कुणालाही सांगू नका. मी ते आक्कांना मराठीत सांगतेय तोवर अनोळखी नंबरवरून कॉल आला. आक्कांचे हात राखेनं भरलेले, म्हणून मीच उचलून स्पीकर चालू केला.

"आई..."

बाईचा आवाज. रडणारा.

"आई, तुझ्या फोनवर आत्ता एक नंबर आला असंल. तो सांग. लवकर सांग, आई."

आक्कांनी सांगितला होता तसाच फोन, तेच शब्द. मी हातानं खूण केली, ठेवा, ठेवून द्या. आक्का जागच्या जागी बसल्या.

"कुठून बोलतीस?" त्यांनी विचारलं.

"केडगावला हाय. मोबाईलच्या दुकानात. आई, यांचे फोटो हायेत सगळे, चिमणीचे व्हिडिओ हायेत, फोन फुटला तरी आत कुठंतरी जपून असत्यात म्हणे. दुकानातले दादा म्हणत्यात, पासवर्ड नवीन करता येतो, पण त्याचा नंबर तुझ्या फोनवर गेलाय. यांनीच तुझा नंबर टाकून ठेवला व्हता. थोड्या वेळात तो बाद व्हतो. दोनदा चुकलंय आधीच. आता चुकलं तर उघडायचंच न्हाई म्हणत्यात."

मी फोनवर हात ठेवला. "आक्का, खोटं असेल. तुमच्याच फोनवर कसा येईल नंबर? ताई स्वतःच्या फोनवरून का नाही करत?" आणि मी माझ्या फोनवरून ताईंचा नंबर लावला. वाजला आणि कुणीतरी कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट. आता तर माझी खात्रीच झाली. नंतर कळलं की ताईंच्या फोनवर ती पासवर्डची खिडकी उघडी होती, आणि दुकानदार घाबरून प्रत्येक कॉल कट करत होता.

"चिमणीचं काहीतरी विचारा," मी कुजबुजले. "जन्म कुठं झाला, कान कधी टोचले."

"ते सगळं स्टेटसला टाकलंय आम्ही," आक्का म्हणाल्या. "सगळ्या जगाला ठावं हाय."

मग राहिलं एकच. ते आम्हा दोघींनाही कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. फोनवर ती जर खरंच ताई असेल, तर महिन्याभरापूर्वी नवरा गेलेल्या मुलीला तिची आई म्हणणार होती, नाव घे. आणि नाव न विचारता आकडे सांगितले नि ती ताई नसेल, तर संदीपरावांचं जे काही कुठं जपून ठेवलेलं होतं, त्याची किल्ली आम्ही चोराच्या हातात देणार होतो. तिकडून आवाज आला, "आई, बोल ना गं. वेळ चाललाय."

आक्कांनी राखेचे हात पदराला पुसले. फोन माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. आणि म्हणाल्या,

"थांब. आधी मी घेते."

मला कळेना, काय घेतात. त्यांनी मान वर केली. पलीकडच्या अंगणात शेजारीण कपडे वाळत घालत होती, गल्लीतून कुणी दोघंतिघं चालले होते. आक्कांनी कुणाकडंही बघितलं नाही. पूर्वीचा तो खिडकी हलवणारा आवाज, महिन्याभरात पहिल्यांदा:

"पितळी घंगाळात पाणी झालं कडत, दत्तोबांचं नाव घेताना जीभ न्हाई अडत!"

शेजारणीच्या हातातली साडी तशीच राहिली. मी आक्कांकडं बघतच राहिले. किती वर्षांनी घेतलं असेल त्यांनी ते नाव? त्यांच्या लग्नात घेतलेला उखाणा असणार तो, आणि खरंच, कुठं अडखळल्या नाहीत. अगदी काल घेतल्यासारखा घेतला. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी कुणाच्या पटकन पाया पडणाऱ्यातली नाही.

"घेतलं मी," आक्का फोनला म्हणाल्या. आवाज आता हळू होता. "वाईट काय न्हाई त्यात. आपल्याच माणसाचं नाव हाय. आता तू घे, बाय माझी."

पलीकडून दुकानातला पंखा ऐकू येत होता. कुणीतरी चार्जर मागत होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, वेळ जातोय." मला वाटलं, आता फोन कट होणार, आणि तसं झालं असतं तर चोर होता असं समजून मला बरंच वाटलं असतं.

मग अगदी बारीक आवाजात आलं,

"गच्चीवर आली रेंज, बोलले मी मनभर... संदीपरावांचं नाव घेते..."

आणि थांबलं. मनभरला जुळून पुढं काय येणार, ते कुणाही मराठी बाईला सांगावं लागत नाही. साथ द्यायची ती जन्मभर. तो शब्द तिच्या तोंडून निघेना. एक श्वास ऐकू आला, पुन्हा प्रयत्न केल्याचा, आणि पुन्हा तो तिथंच तुटला. आणि इकडं आक्का, म्हणजे तीच बाई, जिनं सख्ख्या भावाला अर्धं नाव घेतलं म्हणून परत फोन करायला लावला होता.

"बास," आक्का म्हणाल्या. "फुडचं न्हाई लागत. एवढं पुरं हाय. लिहून घे."

माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. मी आकडे वाचत गेले, आक्का एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेल्या, तिकडं ताई दुकानदाराला सांगत गेली. फोन चालूच राहिला होता. मी पुसलेलंच घमेलं परत पुसायला घेतलं. तिकडून दुकानदाराचा आवाज आला, "उघडलं, ताई. हे बघा, सगळं हाय. लई हाय."

ताई रडली की हसली ते कळलं नाही. मग तिनं कशावर तरी बोट ठेवलं असणार, कारण एकदम कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला, वाऱ्याचा आवाज, चिमणीचं खिदळणं, आणि फोन धरणाऱ्याचा आवाज. मागून येणारा. मोकळा, हसरा.

"चिमणे, हिकडं बघ. आजीला दाखवायचंय. आजीला हाक मार. आत्या... ओ आत्या, ऐकताय नव्हं?"

आक्कांनी दोन्ही हातांनी फोन उचलला आणि कानाशी घट्ट धरला. नाव विचारलं नाही.

"बोला, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ऐकतीया मी."